पेन्शनच्या फॉर्मवरचा पत्ता

बाबांनी पेन्शनचे कागद भरले ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. २०१९ सालचा एप्रिल. कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पंखा लावूनही घाम निथळत होता. बाबांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर फॉर्म ठेवले आणि निळ्या शाईचं पेन आधी पाठकोऱ्या कागदावर चालवून बघितलं. पंचवीस वर्षं पोस्टमन म्हणून काढलेला माणूस. कागदाला हात लावण्याआधी हात पुसायची सवय अजून गेलेली नाही.

पत्त्याच्या रकान्यात त्यांनी गावचा पत्ता लिहिला. मुरबाड तालुका, जिल्हा ठाणे, आणि शेवटी एकेका चौकटीत एकेक आकडा, ४२१४०१. पिनकोड लिहिताना त्यांचा हात नेहमीच संथ होतो. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, त्यातून संस्कृतचे पंडित, याचा बाबांना घरच्या माणसाचा असावा तसा अभिमान आहे. "पिन चुकला की पत्र भटकतं," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की गृहपाठाच्या वहीवरसुद्धा मी ४००६०३ लिहायचे.

पुढच्या पानावर वैद्यकीय सोयीचा रकाना होता. तिथे बाबा दोन मिनिटंसुद्धा थांबले नाहीत. दर महिन्याला मिळणाऱ्या वैद्यकीय भत्त्यावर त्यांनी खूण केली आणि पान उलटलं. मी शेजारी बसून आधार कार्डाच्या झेरॉक्स लावत होते. मीही विचारलं नाही.

हे लिहितेय ते त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी.

बाबा १९८१ मध्ये पोस्टात लागले ते ईडी म्हणून. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. हल्ली त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात. गावच्या शाखा डाकघरातून पिशवी घ्यायची आणि पायी तीन पाड्यांवर बटवडा करायचा. १९९४ मध्ये परीक्षा देऊन ते पोस्टमन झाले, ठाण्यात आले, आणि कोपरीत भाड्याची खोली घेतली. ईडीची तेरा वर्षं पेन्शनमध्ये धरली गेली नाहीत. ती सल त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण निवृत्तीचा हिशेब करताना "पंचवीस" म्हणताना त्यांचा आवाज किंचित खाली येतो, हे आईला आणि मला कळतं.

गावी परत जायचं हे मात्र त्यांनी ठाण्यात पाऊल ठेवलं त्याच दिवशी ठरवलं होतं. घराची कौलं बदलायची, मागच्या परड्यात आंबा लावायचा, आईच्या गुडघ्यांना जिने नकोत. फॉर्मवरचा तो पत्ता म्हणजे त्यांचं पंचवीस वर्षांचं स्वप्न होतं. म्हणून तो खरा होता, आणि म्हणूनच तो बदलणं पुढे इतकं जड गेलं.

आता त्या रकान्याबद्दल. नोकरीत असताना केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दवाखान्याचं बिल मिळतं. जिथे केंद्र सरकार आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस, नाही तिथे ते १९४४ च्या वैद्यकीय नियमांखाली मिळतं. आमच्या घरातले बाबांचे सगळे 'मेडिकल बिल' त्याच नियमांतले. मला कावीळ झाली तेव्हाचं बिल पास व्हायला किती महिने लागले हे आई अजून सांगते. पण ते व्हायचं. निवृत्तीच्या दिवशी हे नियम संपतात. त्यानंतर उरते ती सीजीएचएस. १९५४ मध्ये ती दिल्लीत सुरू झाली आणि १९६३ मध्ये मुंबईत आली. सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या पेन्शनराला त्याऐवजी वैद्यकीय भत्ता घेता येतो. १९९७ मध्ये तो महिन्याला १०० रुपये होता, मग ३००, मग ५००, आणि १ जुलै २०१७ पासून १,००० रुपये. त्यावर महागाई भत्ता चढत नाही.

बाबांनी हजार रुपयांवर खूण केली त्याला कारण होतं. पोस्टातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली होती, की पोस्टवाल्यांना निवृत्तीनंतर सीजीएचएस मिळत नाही. ही अफवा नव्हती. नोकरीत असताना जे सीजीएचएसमध्ये नव्हते, त्या टपाल पेन्शनरांना बरीच वर्षं खरोखरच बाहेर ठेवलं होतं. सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात स्पष्ट शिफारस केली की नोकरीत असताना सीजीएचएसमध्ये असोत वा नसोत, सगळ्या टपाल पेन्शनरांना वर्गणी घेऊन आत घ्या, आणि टपाल खात्याचे उरलेले ३३ दवाखाने सीजीएचएसमध्ये विलीन करा. पुढे दार उघडलं. पण दार उघडल्याची बातमी बटवड्याला निघालेल्या माणसापर्यंत कोण पोचवणार? ऑफिसाखालच्या चहाच्या टपरीवर जे निवृत्त काका भेटायचे, त्यांनी आपल्या वेळचं सांगितलं. त्यांनी मनापासूनच सांगितलं. त्यांच्या वेळी ते खरंच होतं.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. बाबांना, मला आणि बहुतेक तो फॉर्म देणाऱ्या माणसालाही वाटत होतं की हे किंवा ते. भत्ता तरी घ्या, नाहीतर कार्ड. प्रत्यक्षात तिसरी वाट आहे. हद्दीबाहेर राहणारा पेन्शनर रोजच्या औषधपाण्यासाठी हजार रुपयांचा भत्ता ठेवू शकतो आणि हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर त्यासाठी सीजीएचएसचं कार्डही घेऊ शकतो. दोन्ही. गावात राहणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं काय असेल? डोकेदुखीला, शुगरच्या गोळ्यांना कोण मुरबाडहून मुंबईला जाणार आहे? पण छातीत दुखलं तर जावंच लागतं.

आणि बाबांच्या छातीत दुखलं. २०२२ चा जानेवारी, पहाटे साडेचार. शेजारच्या दादांनी जीप काढली, आईने बाबांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मुरबाड, कल्याण, भिवंडी बायपास करत ते माजिवड्याला आले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते. जीप थांबली आणि मला पहिल्यांदा दिसला तो बाबांचा उजवा हात. खिडकीबाहेर लोंबत होता, आणि त्या हातात घट्ट धरलेली प्लास्टिकची पिशवी होती. आधार कार्ड, पेन्शनचं पुस्तक, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स. वेदनेने घामाघूम झालेल्या माणसाने निघताना कागद घेतले होते.

जे हॉस्पिटल आधी लागलं तिथे नेलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, "पेशंट सेंट्रल गव्हर्नमेंटचा ना? कार्ड?" मी पीपीओ पुढे केला. तिने तो मानेनेच परत केला. माझ्या कंपनीचा मेडिक्लेम होता, पण त्यात आईवडील नव्हते. आईने कोपऱ्यात मला विचारलं, "अगं, यांचा पोस्टाचा विमा होता ना?" होता. टपाल जीवन विमा, १ फेब्रुवारी १८८४ पासून चालत आलेला. बाबांची 'संतोष' पॉलिसी निवृत्तीच्या आधीच पिकली होती आणि त्या पैशातून घराची कौलं बदलली होती. तो आयुष्याचा विमा होता. आजारपणाशी त्याचा काही संबंध नव्हता. चाळीस वर्षं विम्याचं नाव घरात ऐकत आलेल्या बाईला हा फरक हॉस्पिटलच्या बाकावर कळला.

बिल २ लाख ८४ हजार झालं. माझी एफडी मोडली, मोठ्या मामांनी ८० हजार दिले. बाबांना आकडा सांगितला नाही. त्यांनी फाइलमधून काढून वाचला. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यानंतरच्या महिन्यात मी नियम वाचायला बसले. ऑफिसातून आले की जेवण उरकून रोज तासभर. सरकारी परिपत्रकाची भाषा कंटाळवाणी असते, पण मला त्यात रडू येईल अशी एक ओळ सापडली. पेन्शनराला हा पर्याय आयुष्यात एकदा बदलता येतो. म्हणजे भत्ता सोडून कार्ड घेता येत होतं. आणि वर्गणीचा हिशेब तर अगदी साधा निघाला. बाबा निवृत्त झाले ते पगाराच्या लेव्हल ५ वर. लेव्हल १ ते ५ साठी सीजीएचएसची वर्गणी महिन्याला २५० रुपये, वर्षाला ३,०००. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड आयुष्यभराचं. म्हणजे ३०,००० रुपये, बाबा आणि आई दोघांसाठी. बाबांच्या मागेही आईला कुटुंब पेन्शनवर ते चालू राहणार. लेव्हल ६ ला हेच महिन्याला ४५० आहेत, ७ ते ११ ला ६५०, आणि त्यावर १,०००. तीस हजार रुपये. ग्रॅच्युइटीचा चेक हातात होता तेव्हा हे तीस हजार सहज भरता आले असते.

मग पत्त्याचा प्रश्न आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की निदान वर्षभर ठाण्यात राहा. बाबांच्या एका मित्राने सुचवलं, "पत्ता गावचाच ठेव, भत्ता चालू राहील, दाखल होण्यापुरतं कार्ड काढ." सल्ला वाईट नव्हता, गावात राहणाऱ्यासाठी तोच बरोबर आहे. पण बाबा म्हणाले, "मी राहतो कुठे? कोपरीत. मग गावचा पत्ता कसा लिहू?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पुढच्या वर्षी जाणारच आहात ना परत?" ते गप्प झाले. आयुष्यभर पत्ता बघून माणूस शोधला. स्वतःचा खोटा पत्ता त्यांच्याने लिहवेना.

त्या रात्री आईने विचारलं, "म्हणजे आता गावाला जायचंच नाही का आपण?" भत्ता सोडल्याचा दाखला घ्यायचा, बाह्यरुग्ण आणि दाखल दोन्हींसाठी कार्ड काढायचं, असं ठरत होतं. एकदाच बदलता येणारा पर्याय बदलला की हजार रुपये परत सुरू होत नाहीत. आईला त्या हजारांचं काही नव्हतं. तिला कळलं होतं की आपण म्हातारपण कुठे काढणार ते या कागदावर लिहिलं जातंय. परड्यातला आंबा तीन वर्षांचा झाला होता. बाबांनी तिला उत्तर दिलं नाही. सकाळी उठून त्यांनी फॉर्मवर ४००६०३ लिहिलं आणि माझ्याकडे सरकवला.

पुढचे दोन महिने फेऱ्यांचे. पेन्शन पोस्टातूनच येते, त्यामुळे भत्ता सोडल्याचा दाखला तिथून. भारतकोश या सरकारी पोर्टलवर ३०,००० रुपये भरले, पावती काढली. पीपीओ, फोटो, रक्तगट, पत्त्याचा पुरावा. एका खिडकीवर आम्हाला तीन वेळा परत पाठवलं, तिन्ही वेळा कारण वेगळं. तिसऱ्यांदा बाबांनी शांतपणे विचारलं, "साहेब, जे जे लागतं ते एकदाच कागदावर लिहून द्याल का?" त्यांनी दिलं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. नंतर चार घरांत त्याची झेरॉक्स गेली.

कार्ड आलं. दोघांची दोन वेगळी प्लास्टिकची कार्डं. मी असं म्हणणार नाही की त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. वेलनेस सेंटरला, म्हणजे सीजीएचएसच्या दवाखान्यात, लोकलने जावं लागतं, नंबर लावावा लागतो. जे औषध साठ्यात नसतं ते मागवतात, मग ते घ्यायला पुन्हा फेरी. बाबांच्या हृदयाच्या आणि शुगरच्या गोळ्यांना महिन्याला २,३०० रुपये जात होते, ते आता जात नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. पेन्शनरला सीजीएचएसच्या यादीवरच्या हॉस्पिटलात पैसे आधी न भरता उपचार मिळायला हवेत, असा नियम आहे. पण गेल्या वर्षी आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी यादीतल्याच एका हॉस्पिटलात गेलो तर काउंटरवरून सांगण्यात आलं, "सीजीएचएसचा बेड नाहीये." रोखीने मात्र बेड होता. सीजीएचएसचे दर हॉस्पिटलच्या नेहमीच्या दरांपेक्षा कमी असतात आणि बिलं उशिराने मिळतात, म्हणून हे होतं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या काउंटरसमोर उभं राहून ते ऐकणं हा अपमान असतो. दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, जनरल वॉर्डात, आणि खिशातून गेले ते रिक्षाचे आणि शहाळ्यांचे.

खाजगी मेडिक्लेमचाही विचार केला होता. २०२२ मध्ये एका एजंटाने दोघांचा हप्ता वर्षाला साठ हजारांच्या पुढे सांगितला, आणि बाबांच्या हृदयाला व शुगरला चार वर्षं थांबायचं. आता नियम थोडे सैल झालेत. २०२४ मध्ये आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं केली आणि पासष्टनंतर नवी पॉलिसी मिळण्याची आडकाठी काढली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावा, आणि तो पन्नाशीतच घ्यावा. पण लेव्हल ५ च्या पेन्शनवर साठ हजारांचा हप्ता? आयुष्यभराच्या तीस हजारांशी त्याची बरोबरीच होत नाही.

आता काकांबद्दल. बाबा ईडी होते तेव्हा गावच्या शाखा डाकघराचे बीपीएम, म्हणजे तिथले पोस्टमास्तर, असलेले. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. बाबा परीक्षा देऊन बाहेर पडले, काकांना घर सोडता आलं नाही. ते २०१८ मध्ये पासष्टाव्या वर्षी सुटले. तोच शिक्का, तीच पिशवी, पत्र्याच्या त्याच खोलीत बचतखाती आणि मनीऑर्डरी. कागदावर चार-पाच तासांची नोकरी, प्रत्यक्षात गावाने दिवसभर हाक मारायची. सुटताना मिळालेली रक्कम संपली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यासारखं मासिक पेन्शन नाही. सीजीएचएस नाही. हजार रुपयांचा भत्ताही नाही. ज्या माणसाच्या हातून अख्ख्या गावाचे विमे आणि पेन्शन गेले, त्याच्यासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता. मला हे पटत नाही. कितीही नियम वाचले तरी पटणार नाही.

२०२४ च्या २९ ऑक्टोबरला सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान कार्ड सुरू झालं तेव्हा बाबांनी पहिला फोन काकांना केला. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. फक्त आधारवर वय सत्तर हवं. काका म्हणाले, "माझ्या आधारवर जन्माचं नुसतं सालच आहे रे, १९५३." बाबा म्हणाले, "साल बरोबर आहे ना? मग झालं." दिवाळीनंतर कधी नव्हे ते काका कोपरीला आले, मी मोबाइलवर त्यांचं कार्ड काढलं. अंगठा लागेना. आयुष्यभर शिक्क्याचं पॅड आणि शाई, त्यात शेतीची कामं, बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. शेवटी चेहऱ्यावरून जुळलं. स्क्रीनवर फोटो आला तेव्हा काका चष्मा वर करून बघत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन त्याच कार्डावर ठाण्यात झालं. रोजच्या गोळ्यांना मात्र ते कार्ड चालत नाही, ते दाखल झाल्यावरच. गोळ्या ते मुरबाडच्या सरकारी दवाखान्यातून आणतात. मिळाल्या तर.

बाबा सत्तरीचे झाले की त्यांनाही ते कार्ड घेता येईल, पण मग सीजीएचएस किंवा हे, एकच निवडावं लागेल. आम्ही ठरवून टाकलंय, सीजीएचएसच ठेवायचं, कारण त्यात गोळ्या येतात.

गेल्या रविवारी बाबांच्या हाताखाली शिकलेला एक पोस्टमन दादा बायकोला घेऊन घरी आला. पुढच्या वर्षी त्याची निवृत्ती. सोबत अर्धवट भरलेला फॉर्म. गाव त्याचं शहापूरकडे, मुलगा कळव्याला. बाबांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, हात पुसले, चष्मा लावला. दादा म्हणाला, "साहेब, तो औषधाचा रकाना तेवढा सांगा, कुठे खूण करू?"

"ते नंतर," बाबा म्हणाले. "आधी पत्ता सांग. राहणार कुठे तुम्ही?"

दादाने बायकोकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत होती. "तसं अजून ठरलं नाही," ती हळूच म्हणाली.

बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि आईला हाक मारली. "चहा टाक गं. हे बसणार आहेत."